तो असं का बोलला हे नंतर बघा ना, आधी काय बोलला ते तरी ऐका

कोणी काही बोललं की आपण पहिलं काय करतो, तर त्याच्या मनात काय असेल ते शोधत बसतो. जळतोय, चमचेगिरी करतोय, स्वतःची कातडी वाचवतोय. झालं, मुद्दा राहिला बाजूला. मला याचा खरंच त्रास होतो.

मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, "हे काम तारखेला होणार नाही." आता हेच वाक्य एक जण काळजीपोटी बोलतो, दुसरा उद्या खापर आपल्यावर फुटू नये म्हणून बोलून ठेवतो, तिसऱ्याला बॉसचा पाणउतारा करायचा असतो आणि चौथा बोलतो कारण शेजारचा बोलला. पण काम खरंच होणार नसेल तर चौघंही बरोबरच आहेत ना! तिसऱ्याच्या मनात खोट आहे म्हणून काही काम वेळेत होऊन जात नाही.

१९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत केलेला प्रयोग बघा. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली पहिलीइतकी कुठली ते सगळ्यांसमोर सांगायचं, एवढंच. पण ज्याला तपासायचं तो एक जण सोडला तर खोलीतले बाकीचे सगळे पढवलेले, मुद्दाम चुकीचं सांगणारे. सुमारे ७५ टक्के लोक निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. नंतर विचारलं तर काही म्हणाले बरोबर दिसत होतं पण वेगळं पडायचं नव्हतं, आणि काहींना वाटलं होतं की आपलीच नजर चुकतेय. चूक एकच, कारणं किती वेगळी, आणि विचारलं म्हणून कळली, चेहरे बघून नाही!

पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी लोकांचं मागे जाणं एकदम कमी व्हायचं. आणि हा एकटा काही सत्यासाठी छाती काढून उभा नव्हता हो, त्याला तसं बोलायला सांगितलेलं होतं. तरीही त्याच्या बोलण्याने समोरच्याला खरं बोलायचा धीर आला.

हां, जिथे तपासायला दुसरं काही नाही, नुसता त्याचा शब्द आहे, म्हणजे कोणी स्वतःचाच माल भारी आहे सांगतोय किंवा तिसऱ्या माणसाबद्दल कान भरतोय, तिथे हेतू बघायलाच पाहिजे. तिथे मीही बघते. पण आकडे, तारखा समोर आहेत, पाच मिनिटांत पडताळता येतील, तिथेसुद्धा लोक "याचा यात काय फायदा" यावरच तासभर बोलतात, आणि ते आकडे कोणीच उघडून बघत नाही.