‘न्यायला-आणायला मुलं आहेत की’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळीत उत्तर देणं बरं वाटेना म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो, मागच्या पोस्टमध्ये मी एवढंच म्हटलं होतं की पुण्यात सत्तरीच्या माणसाला एकट्याने रस्ता ओलांडता यावा, बसमध्ये चढता यावं आणि दम लागला तर मधे कुठेतरी टेकता यावं, हे महापालिकेने बघावं. त्यावर तुमचं म्हणणं, अर्ध्या शहराला धड पाणी नाही आणि तुम्हाला पेन्शनर लोकांसाठी बाकडी हवीत, ही सगळी परदेशी फॅडं, आपल्याकडे म्हाताऱ्यांना न्यायला-आणायला मुलं असतात, आणि ज्यांना शहर झेपत नाही त्यांनी खुशाल गावी जाऊन राहावं.

पाण्याबद्दल वादच नाही. पण मी जे मागतोय त्यातल्या बऱ्याच गोष्टींना नवीन पैसा लागतच नाही हो. फुटपाथ दरवर्षी कुठे ना कुठे उखडले जातातच, पेव्हर ब्लॉक बसतात, केबलवाले येऊन काढतात, परत बसतात, हा खर्च चालूच आहे. देशात रस्ते कसे बांधावेत याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांसाठीची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फुटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, म्हणजे जिन्याची एक पायरी, आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आपल्याकडे कित्येक ठिकाणी कड याच्या दीडपट-दुप्पट असते, आणि वर प्रत्येक बंगल्याच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुढे परत चढतो. दुखऱ्या गुडघ्यांनी अशी दहा गेटं पार करून बघा म्हणजे म्हातारी माणसं फुटपाथ सोडून गाड्यांच्या कडेने का चालतात ते कळेल. कमी उंचीची कड बांधायला सिमेंट कमीच लागतं. महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरण २०१६ पासून मंजूर आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद, सपाट फुटपाथ आणि बसायला जागा केली, तिथे संध्याकाळी एकदा जाऊन बघा, आजी-आजोबा आपले आपण फिरताना दिसतात.

सिग्नलच्या बाबतीत तर निव्वळ सेकंदांचं सेटिंग बदलायचं आहे. पायी ओलांडायचा वेळ साधारण सेकंदाला १.२ मीटर या चालीने धरतात. रस्ता २४ मीटर रुंद असेल तर झाले २० सेकंद. काठी घेऊन चालणारा माणूस सेकंदाला ०.७ मीटरने गेला तर त्याला ३४ सेकंद लागणार, म्हणजे तो रस्त्याच्या मध्यावर जरासा पुढे गेलेला असताना समोरच्या दुचाक्या सुटलेल्या असतात, आणि डिव्हायडरवर धड उभं राहायलाही जागा नसते. सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठांनी आपलं कार्ड सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला टेकवलं की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. याला तुम्ही परदेशी फॅड म्हणा, पण गुडघे तिकडचे आणि इकडचे सारखेच दुखतात. आपल्याकडे ते यंत्र नको, निदान दवाखान्यासमोरचे, मंडईजवळचे सिग्नल तरी जरा सैल करता येतील ना?

आता बस. लो-फ्लोअर बसची पायरी रस्त्यापासून ४०० मिलिमीटरवर असते. बस अगदी फुटपाथला चिकटून उभी राहिली तर १५० तिथेच वजा होतात, उरतात २५०, ते दांडा धरून जमतं. पण स्टॉपवर रिक्षा उभ्या, त्यांच्यापुढे कुणाची तरी कार, मग ड्रायव्हर बिचारा बस दुसऱ्या लेनमध्येच थांबवतो, मग फुटपाथवरून खाली रस्त्यावर उतरायचं, दोन रिक्षांमधून वाट काढायची आणि तिथून सगळेच्या सगळे ४०० चढायचे, तेही मागून हॉर्न चालू असताना. म्हणजे इतकी महाग बस घेतली आणि तिचा खालचा फ्लोअर एका रिक्षाने वाया घालवला! इथे पैसा नाही लागत, स्टॉपसमोरची जागा मोकळी ठेवणारा एक हवालदार लागतो.

मेट्रोचंही तेच. वनाज ते गरवारे कॉलेज मार्ग मार्च २०२२ ला सुरू झाला, स्टेशनात लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, उत्तम काम झालंय. पण घरापासून त्या लिफ्टपर्यंत पोचायचं कसं हाच तर प्रश्न आहे.

आणि हे ‘पेन्शनर लोकांसाठी’ आहे हे मला अजिबात मान्य नाही. ज्याची पेन्शन चांगली आहे त्याच्याकडे गाडी असते, नाहीतर तो ओला-उबर करतो. बसच्या पायरीशी झगडते ती चार घरची धुणीभांडी करणारी साठीची बाई, पहाटे मार्केट यार्डातून फुलं आणणारी आजी, रात्रपाळीचा पासष्टीचा वॉचमन. आपल्याकडे बहुतेकांना रिटायरमेंट नावाची गोष्टच नसते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींच्या वर होते आणि महाराष्ट्रात लोकसंख्येच्या जवळपास १० टक्के, आज त्याहून जास्तच असणार.

गावी जा म्हणणं सोपं आहे. गावात तरुण राहिलेत किती, आणि हार्टचा डॉक्टर कुठल्या वाडीत बसतो? पंच्याहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, फार चांगली योजना, पण तिकीट माफ झालं तरी त्या लाल डब्याच्या पायऱ्या आहेत तेवढ्याच उंच आहेत.

मुलांचा मुद्दा मात्र मला मनापासून लागला. माझी मावशी कोथरूडला राहते, लेकाकडेच. मुलगा सून दोघंही गुणी, त्याला सांगितलं की तो गाडी काढतो, आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. पण तो हिंजवडीहून घरी येतो रात्री साडेआठला आणि तिचं भजनी मंडळ असतं दुपारी चारला, रस्त्याच्या पलीकडे. रस्ता एकच, पण तिने तो एकटीने ओलांडायचं सोडलं. आधी त्याला विचारायची, मग ‘कशाला त्याला त्रास’ म्हणून विचारायचं कमी केलं, आता विचारतच नाही, म्हणते मला तसंही जावंसं वाटत नाही. बाहेर पडायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, कारण वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृह कुठलं उघडं असेल याची खात्री नसते, आणि वर बीपीची गोळी लघवी जास्त करवणारी. मुलगा कितीही चांगला असू दे, तो हे कसं भरून काढणार? प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारावं लागणं यानेच माणूस घरात बसतो, वयाने नंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे जातात आणि त्यात साठीपुढचेच सर्वाधिक, तेव्हा मावशीची भीती काही उगीच नाही. पण चालणं बंद केलं की पाय अजून कमजोर होतात आणि मग घरातल्या घरातही पडायला होतं, बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं हे तुमच्याही नात्यात कुणाचं तरी झालं असेल.

तुम्ही शेवटी विचारलंत की नुसतं लिहून काय होणार. तर पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो. फुटपाथची कड उतरवणं, दोन बाकडी, स्वच्छतागृह दुरुस्ती, हे त्यात बसतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी आणि मी मिळून यंदा भरणार आहोत, कुठल्या चौकात कड किती उंच आहे ते टेप घेऊन मोजतोय. तुम्ही पुण्यातले असाल तर तुमच्या भागातला सगळ्यात वाईट चौक कळवा, पाण्याच्या लाइनचं काम सुचवायचं असेल तर तेही त्याच फॉर्मवर लिहू, मला काहीच अडचण नाही.