चादरीच्या किमतीत लपलेलं कमिशन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कार्ड कंपन्यांवरच्या खटल्यांबद्दलच्या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. ‘भंपक’ हा शब्द सोडला तर प्रतिक्रिया आवडली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कार्ड कंपनीचं कमिशन दुकानदार भरतो, मग ग्राहकाचा खटला कसला, सोय फुकट मिळत नसते, पेटंटचे दावे मी उगाच मध्ये घुसडले, आणि अमेरिकेतल्या भानगडींशी सोलापूरकराचं देणंघेणं काय. शिवाय पुतण्याच्या क्रेडिट कार्डाच्या तक्रारींचं काय करायचं, हेही विचारलंत. उभी हयात बँकेत काढलेला माणूस हे विचारतो म्हटल्यावर दोन ओळींत उरकून चालणार नाही.

पहिला आक्षेप अमेरिकेत कायदाच होऊन बसलाय. तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये इलिनॉय ब्रिक खटल्यात ठरवलं, की मक्तेदारीविरोधी केंद्रीय कायद्याखाली भरपाई मागायची ती थेट पैसे मोजणाऱ्यानेच. त्याने तो बोजा पुढे गिऱ्हाइकावर ढकलला तरी गिऱ्हाइकाला दाद नाही. म्हणून व्हिसा-मास्टरकार्डविरुद्ध २००५ पासून चाललेला मोठा खटला व्यापाऱ्यांचा आहे. २०१२ मध्ये सव्वासात अब्ज डॉलरची तडजोड झाली, २०१६ मध्ये ती अपिलात मोडली, आणि सुमारे साडेपाच अब्जांची नवी तडजोड अपिलात टिकायला २०२३ उजाडलं.

आता जरा सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत या. लग्नसराईत एखाद्या दुकानात गल्ल्याशेजारी उभं राहून बघा. कुणी कार्ड काढलं की आवाज येतो, “दोन टक्के वर पडतील मालक, यूपीआय करा की.” (डेबिट कार्डावर असं वर मागणं योग्य नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलंय. पण ते असो.) उघड मागणारा दुकानदार निदान प्रामाणिक तरी. जो मागत नाही, तो चादरीवर चिकटवलेल्या किमतीतच ते धरून टाकतो. मग मागे उभी असलेली बाई रुमालाची गाठ सोडून नोटा मोजते, तेव्हा तिलाही तीच किंमत पडते. कार्ड तिने जन्मात हाताळलेलं नसतं. माझ्या लेखातला ‘ग्राहक’ म्हणजे ही बाई. कार्ड कंपनी, बँक, दुकानदार यांच्या कुठल्याच करारावर तिची सही नाही, आणि म्हणूनच तिने दाद कुठे मागायची हा खरा प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये तिच्यासारख्यांची बाजू कोर्टात पोचली. तिथले माजी वित्तीय लोकपाल वॉल्टर मेरिक्स यांनी २०१६ मध्ये मास्टरकार्डविरुद्ध सुमारे ४ कोटी ६० लाख ग्राहकांच्या वतीने १४०० कोटी पौंडांचा दावा लावला. १९९२ ते २००८ या काळात कार्ड घेणाऱ्या दुकानांतून खरेदी केलेले त्यात आले, मग पैसे रोख दिलेले का असेनात. तिथल्या स्पर्धाविषयक न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये दावा दारातूनच परत पाठवला, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तो पुन्हा उघडायला लावला, आणि २०२५ मध्ये २० कोटी पौंडांवर तडजोड मंजूर झाली. १४०० चे २०! ‘यात वकिलांचीच दिवाळी’ हे तुमचं वाक्य इथे मी मुकाट्याने मान्य करतो.

सोय फुकट नसते, हेही मान्य. पण दर ठरवतं कोण? दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला जाणारा वाटा कार्ड कंपनी परस्पर ठरवते. दुकानदाराने घासाघीस करायची कुणाशी? युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या कार्डांवर हा वाटा डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्क्यांवर बांधला. तिथली कार्डं काही बंद पडली नाहीत. आणि कार्डधारकाच्या खिशातून थेट गेलेल्या पैशांचं उदाहरण हवं असेल, तर परदेशी चलन बदलताना गुपचूप लावलेल्या शुल्काचा खटला आहेच. २००६ मध्ये तो अमेरिकेत ३३.६ कोटी डॉलरवर मिटवावा लागला.

पेटंटचं म्हणाल, तर तिथे मी बहुतेक वेळा कंपन्यांच्या बाजूचा आहे. ‘मधला माणूस व्यवहार पुरा करतो’ ही जुनी कल्पना संगणकावर चढवली म्हणून पेटंट मिळत नाही, असं अमेरिकी सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अ‍ॅलिस खटल्यात सांगितलं. अ‍ॅपल आणि व्हिसावर ओळख पटवण्याच्या पद्धतीवरून झालेला दावाही २०२१ मध्ये याच वळणाने फसला. आपल्या पेटंट कायद्यात तर कलम ३(के) आहेच : धंद्याची पद्धत म्हणजे शोध नव्हे.

राहिला तुमच्या पुतण्याचा प्रश्न. नुसतं ‘व्याज फार लावलं’ म्हणून ग्राहक आयोगात जाऊ नका म्हणावं. वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा, असं राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे म्हणून. पण कार्ड बंद करायचा अर्ज देऊनही वार्षिक शुल्काची बिलं येतात, ही त्याची तक्रार भक्कम आहे. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये त्याला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. अर्जाची पोच त्याच्याकडे आहे ना, तेवढं बघा. आधी बँकेकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे ना वकील लागतो, ना फी.