सिटीचं गुळगुळीत कार्ड

ऑक्टोबरात मतपत्रिका घरी आली, त्याच आठवड्यात सिटी कौन्सिलचं एक कार्डही आलं. जाड, गुळगुळीत कागद. पुढे फायर इंजिनाला टेकून उभा असलेला हसरा जवान, मागे रस्त्यातला खड्डा बुजवणारी माणसं. बाबा तेव्हा आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले होते. त्यांनी चष्मा पुसून ते दोन्हीकडून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या पक्षाचं गो हे?"

"पक्षाचं नाही बाबा, सिटीचं आहे. सेल्स टॅक्स अर्धा टक्का वाढवायचा का, यावर मतदान आहे. त्याची माहिती."

"म्हणजे ज्याला पैसे हवेत, तोच समजावून सांगतोय?"

आधीच सांगते, मी त्या टॅक्सच्या बाजूने मत दिलं. आमची लायब्ररी आठवड्यातून दोन दिवस बंद असते, रस्त्यांबद्दल तर बोलायलाच नको. माझा राग त्या कार्डावर आहे.

त्यावर 'हो म्हणा' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तसं लिहिताच येत नाही. १९७४ साली इथे उद्यानांसाठी २५ कोटी डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव मतदानाला होता आणि राज्याच्या उद्यान खात्याने सरकारी पैशातून त्याचा प्रचार केला. एक करदाता कोर्टात गेला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जनतेच्या पैशातून निःपक्ष माहिती द्या, प्रचार नको. आणि काय माहिती, काय प्रचार हे ठरवताना मजकुराची धाटणी, सूर आणि वेळ बघा. 'स्टॅन्सन विरुद्ध मॉट' हा तो खटला.

कोर्टाने इतकं स्पष्ट सांगितल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण त्यातूनच 'माहितीपत्रक' नावाची एक कला जन्माला आली. 'मत द्या' हे दोन शब्द तेवढे टाळायचे, बाकी सगळं चालतं. सलिनास शहरात २००२ मध्ये वीज-पाणी-फोनच्या बिलांवरचा कर रद्द करण्याचा प्रस्ताव होता. कर गेला तर कुठल्या सेवा बंद कराव्या लागतील, हे सिटीने वेबसाइटवर आणि घरोघरी जाणाऱ्या वार्तापत्रात छापलं. प्रस्ताव पडला. खटला थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये निकाल लागला तो सिटीच्या बाजूने: ही माहितीच आहे, प्रचार नव्हे. मला हा निकाल पटतो. काय बंद होणार हे लोकांना आधी कळायलाच हवं, आणि ती भीतीही पोकळ नव्हती. २००४ मध्ये तिथल्या तिन्ही लायब्रऱ्यांना कुलूप लागायची वेळ आली होती.

पण आमचं कार्ड त्या जातीचं नव्हतं. नुसते फोटो, मोठ्या अक्षरात '९११ला तत्पर प्रतिसाद' (९११ हा इथला तातडीच्या मदतीचा फोन नंबर), 'खड्डेमुक्त रस्ते', आणि 'पैसे आपल्याच शहरात राहतील'. मग मी मतदारांना येणारी कौंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, पुस्तिका काढली. तिच्यात सिटीच्या वकिलाचं विश्लेषण असतं, बारीक टायपात, एकही चित्र नसलेलं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की हा सर्वसाधारण कर आहे, पैसे जनरल फंडात, म्हणजे सिटीच्या सामायिक तिजोरीत, जातील आणि कौन्सिल ते कोणत्याही कायदेशीर कामासाठी वापरू शकेल. म्हणजे फायर ब्रिगेडला एक डॉलरही देण्याचं बंधन नाही! तसं बंधन घालायचं तर तो विशेष कर ठरतो, आणि मग साध्या बहुमताऐवजी दोनतृतीयांश मतं लागतात. म्हणून कर सर्वसाधारण ठेवायचा आणि फोटो जवानाचा छापायचा. कार्डावरचं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त हे एक वाक्य नव्हतं.

आणि मतपत्रिकेवरचा प्रश्न तरी कोण लिहितं? कौन्सिलच. ७५ शब्दांची मर्यादा असते आणि त्यातले निम्मे '९११', 'खड्डे', 'लायब्ररी' यांतच जातात. कर कितीचा, हे शेवटी येतं.

बाबा मूळचे पेडण्याचे. गोव्याच्या जनमत कौलाच्या वेळी ते शाळकरी पोर होते. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. १६ जानेवारी १९६७ला मतदान झालं, ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. आमचं घर फुलाचं, त्यामुळे बाबा ही गोष्ट अजून जरा कडवटपणेच सांगतात. पण एक गोष्ट मात्र ते न चुकता सांगतात. भाऊसाहेब बांदोडकर तेव्हा मुख्यमंत्री होते आणि उघडपणे विलीनीकरणाचे पुरस्कर्ते होते. खुर्चीत बसून कौल घेतला तर तो निःपक्ष कोण मानणार, म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मग भाऊसाहेब फुलाच्या प्रचाराला लागले, उजळ माथ्याने.

अर्ध्या टक्क्यासाठी कुणी राजीनामा द्यावा असं मी म्हणत नाही. पण उघड सभेत ठराव करून 'आम्ही या कराच्या बाजूने आहोत' असं म्हणायची मुभा कौन्सिलला कायद्याने आहेच. ते करा ना! मला पाठीराखं कौन्सिल चालेल, तटस्थतेचं सोंग घेतलेलं नको. आणि माहितीच पाठवायची तर वकिलाचा तो तिसरा परिच्छेद जवानाच्या फोटोखाली छापा.

कौन्सिलच्या मंगळवारच्या सभेत मला दोन मिनिटं मिळाली, तेव्हा मी एवढंच बोलले. उत्तर आलं, "मजकूर वकिलांकडून तपासून घेतलेला आहे." पुढचं नाव पुकारलं गेलं, ते गृहस्थ पिकलबॉल खेळाच्या आवाजाबद्दल बोलायला आले होते.

घरी आले तर बाबा ते कार्ड खाली ठेवून त्यावर लसूण सोलत बसले होते. "कागद चांगला आहे हो," म्हणाले.