समाजशास्त्राला हारतुरे का नकोत?

इथे अमेरिकेत माझ्या मुलीची अल्फा कप्पा डेल्टामध्ये निवड झाली. समाजशास्त्राच्या हुशार विद्यार्थ्यांची ही मानाची संस्था. घरच्या ग्रुपवर कळवलं, तर पुण्याच्या चुलतभावाने लिहिलं, "पैसे भरून मिळतो ना हा मान? आणि समाजशास्त्र घेतात ते मार्क कमी पडलेले." तेव्हापासून वाद चालू आहे आणि मला तो सोडवत नाही.

दादा, शुल्क आहे, पण एकदाच. त्याआधी समाजशास्त्राचे किमान चार कोर्स हवेत, त्यांत ४ पैकी ३.० जीपीए (गुणांची सरासरी) हवा, शिवाय एकूण जीपीए ३.३ किंवा वर्गात वरच्या ३५ टक्क्यांत नंबर. मार्क कमी पडलेल्यांचं हे काम नाही. तिच्या पदवीच्या गाऊनवर या संस्थेची निळसर हिरवी मानाची दोरी असेल आणि मी फोटो पुन्हा टाकणार आहे.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये निघाला, ही संस्था इथे लॉस एंजेलिसला १९२० मध्ये. आपण एक वर्ष पुढे होतो! समाजशास्त्रज्ञ घुर्ये आपले, त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे आपल्या. तरी चौकातले फ्लेक्स लागतात ते नीट आणि जेईईवाल्यांचेच.

संस्था काढणारे एमरी बोगार्डस यांनी सामाजिक अंतर मोजायची पट्टी केली. अमुक गटातल्या माणसाशी लग्न कराल? मैत्री? शेजार? सोबत नोकरी? की तो फक्त पाहुणा म्हणून आलेला बरा, की देशातच नको? १९२६ च्या पाहणीत अमेरिकनांनी भारतीयांना पार तळाला टाकलं होतं. रोटी-बेटी व्यवहार पाळणाऱ्या आपल्याला ही पट्टी समजावून सांगावी लागत नाही. दादाच्या सोसायटीत आजही भाडेकरूचं आडनाव आधी विचारतात. ज्या समाजाला या विषयाची सर्वांत जास्त गरज, तोच त्याला हिणवतो, याचा मला संताप येतो.

इथे शेजारणी मला पॉटलकला (प्रत्येकीने एक पदार्थ आणायच्या जेवणाला) हक्काने बोलावतात. बोगार्डसच्या पट्टीवर शेजारापर्यंत मी पोचले. त्यापुढे किती, ते मी स्वतःला विचारायचं टाळते. पण ग्रुपवर "तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय कळणार" असं वाचलं की जास्त लागतं. घरच्यांच्या लेखी मी आता पाहुणीच्या पायरीवर आहे. हे इथल्या कुठल्याही परकेपणापेक्षा मला जड जातं.

मुलीला पुण्यातल्या भाड्याच्या घरांवर अभ्यास करायचा आहे. दादा, तिला तुझ्या सोसायटीच्या कमिटीशी बोलायला मिळेल एवढं बघ.