बॅझलजेट यांचं मोठेपण सिमेंटच्या चाचणीत आहे

एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा इंजिनिअर कोण, असं मला विचाराल तर मी लंडनची गटारं बांधणाऱ्या जोसेफ बॅझलजेट यांचं नाव घेईन. ब्रुनेल यांचे पूल आणि आयफेल यांचा मनोरा डोळ्यांत भरतात. बॅझलजेट यांचं बहुतेक काम जमिनीखाली गेलं. मी ड्रेनेजच्या कामांवर असतो, त्यामुळे माझा ओढा त्यांच्याकडे आहेच.

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी नासली की पार्लमेंटचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये (वास मारणाऱ्या ब्लीचिंग पावडरमध्ये) भिजवावे लागले. शहराची घाण नदीत जायची आणि अनेक वस्त्यांचं पिण्याचं पाणीही त्याच नदीतून यायचं. १८५३-५४ च्या पटकीत (कॉलऱ्यात) लंडनमध्ये दहा हजारांवर माणसं गेली होती, पण तिजोरी उघडली ती वास खासदारांच्या नाकाशी आल्यावर. बॅझलजेट यांचा आराखडा तोवर नुसता चर्चेत अडकला होता.

नदीकडे उतरणारे नाले वाटेतच अडवायचे आणि सगळं पाणी नदीला समांतर जाणाऱ्या मोठ्या गटारांतून शहराच्या पूर्वेला न्यायचं, अशी योजना होती. मुख्य गटारं ८२ मैल लांब, उतार कमीत कमी मैलाला दोन फूट. बऱ्याच ठिकाणी गटाराचा आडवा छेद अंड्यासारखा, निमुळती बाजू खाली. त्यामुळे पाणी कमी असलं तरी वेग राहतो आणि गाळ बसत नाही.

माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे. बॅझलजेट यांनी पोर्टलंड सिमेंट निवडलं. ते त्याआधी वापरात असलेल्या ‘रोमन’ नावाच्या सिमेंटपेक्षा मजबूत होतं, पण भट्टीत भाजणी बिघडली की दगा द्यायचं. म्हणून त्यांचे सहायक जॉन ग्रँट यांनी येणाऱ्या मालाचे नमुने घ्यायला सुरुवात केली. नमुना साच्यात घालायचा, सात दिवस पाण्यात ठेवायचा, मग ताणून तोडायचा. ठरलेल्या ताकदीला उतरला नाही तर माल परत. हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं आणि निकाल छापून सर्व इंजिनिअरांसमोर ठेवले. आज आपण साइटवर ताकद तपासायला काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरतो ती शिस्त याच घराण्यातली. ती गटारं अजून वापरात आहेत, याचं मोठं श्रेय मी या चाचण्यांना देतो.

बॅझलजेट यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रोग दुर्गंधीमुळे पसरतो असंच त्या काळी बहुतेकांना वाटे, आणि ही योजनाही त्याच समजुतीवर उभी राहिली. समजूत चुकीची होती, तरी पाणी स्वच्छ झालं. १८६६ ची पटकी मुख्यतः पूर्व लंडनमध्ये पेटली, जिथे हे काम अजून पुरं झालं नव्हतं. दुसरी उणीव मला जास्त खटकते. गटारं जिथे संपत त्या पूर्वेकडच्या बेक्टन आणि क्रॉसनेसला मैला प्रक्रिया न करताच ओहोटीबरोबर नदीत सोडत. शहराची घाण खालच्या गावांच्या दारात गेली. आपल्याकडे मुठेचं पाणी खाली कुणाच्या वाट्याला जातं, हे नदीकाठच्या गावकऱ्यांना विचारा.

आपल्याकडे काम चालू असलं की फलक लागतो. त्यावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत असते. माझी मागणी एवढीच की त्याच फलकावर सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबचे निकालही तारखेसह लावा, आणि नापास झालेल्या मालाचं काय केलं तेही लिहा. ग्रँट यांनी दीडशे वर्षांपूर्वी आकडे छापले होते. आपल्याला एक ओळ वाढवायची आहे.