स्टोअर्ड प्रोसिजरसाठी भाषा कशी निवडावी

स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेला आणि तिथेच चालणारा प्रोग्रॅम, लिहायला घेताय? अभिनंदन! मग काम काय आहे याचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. तुम्हाला येते ती भाषा उत्तम, सध्या शिकताय ती सर्वोत्तम.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीएल/पीजीएसक्यूएल ही त्याची स्वतःची भाषा आयती मिळते, म्हणून ती बाद. आयत्या गोष्टीला रेझ्युमेत भाव नसतो.

ओरॅकलवाल्यांनी मन छोटं करू नये, त्यांच्याकडे 8आय या आवृत्तीपासून जावा आहे. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांना 2005च्या आवृत्तीपासून डॉटनेट आहेच.

एरर आली की 'व्हेन अदर्स देन नल', म्हणजे 'कुठलीही एरर आली तरी काही करू नकोस', लिहून मोकळे व्हा. दिसली नाही म्हणजे झालीच नाही.

पण खरी हौस भागवायची तर पोस्टग्रेसमध्ये पायथनच घ्या. तिथे ती 'अनट्रस्टेड' भाषा, कारण तिच्यातलं फंक्शन सर्व्हरवरच्या फायलींनाही हात घालू शकतं. त्यामुळे असं फंक्शन फक्त सुपरयूजरला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याला, बनवता येतं. सोपं आहे, सुपरयूजरचा पासवर्ड सगळ्या टीमला वाटून टाका! उद्या मॅनेज्ड क्लाउडवर (जिथे डेटाबेस दुसरी कंपनी सांभाळते) जायचं ठरलं आणि तिथे ही भाषाच मिळाली नाही, तर तोवर तुम्ही दुसऱ्या कंपनीत असाल. निस्तरायला आम्ही आहोतच. गेल्या आठवड्यात तेच केलं. रात्री अपग्रेडला बसलो, तर पीजी_अपग्रेड हे पोस्टग्रेसची आवृत्ती बदलायचं साधन तपासणीतच अडलं: लोडेबल लायब्ररी गहाळ. पोस्टग्रेस 15 मधून, म्हणजे 2022 सालीच, पायथन 2 हद्दपार झालंय, आणि आमच्याकडे नेमकी पायथन 2 मध्ये लिहिलेली एक प्रोसिजर. उघडून बघतो तर काय? सगळ्या ऑर्डरी सिलेक्ट करून मेमरीत आणायच्या, फॉर लूपमध्ये एकेक फिरवायची, डिक्शनरीत बेरीज साठवायची, मग प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा अपडेट. वर 'इंपोर्ट नमपाय' (आकडेमोडीची लायब्ररी), जे खाली कुठेही वापरलेलं नाही! एसक्यूएल या डेटाबेसच्या प्रश्नभाषेत ग्राहकवार बेरजेचं एक ग्रुप बाय आणि एक अपडेट, चार ओळींचं काम होतं हो!

बरं, मूळ कोड बघावा म्हटलं तर गिटमध्ये, जिथे कोडचा इतिहास जपतात तिथे, औषधालाही नाही. जे काही आहे ते प्रॉडक्शनच्या डेटाबेसमध्ये.

पुरे झाला उपरोध. अहो, डेटा टेबलात आहे ना? मग आधी साधं एसक्यूएल लिहून बघा. त्यात भागत नसेल, अटी आणि लूप खरंच लागत असतील, तर त्या डेटाबेसची स्वतःची भाषा घ्या. पायथनशी माझं वैर नाही. किचकट मजकूर फोडायचाय, एखादं मॉडेल चालवायचंय, तर खुशाल वापरा. पण बेरजेला? आणि वापरलीत तर का वापरली हे दोन ओळींत लिहून ठेवायला हात दुखतात का? 'चालतंय ना' म्हणून निघून जाता, आणि पुढचा माणूस रात्री दोन वाजता तुमचा फॉर लूप वाचत बसतो. लाज वाटू द्या जरा.