ऑक्टोबरफेस्ट परवडतो, पण वार पाहून जावे

जर्मनीतील म्युनिक शहराचा ऑक्टोबरफेस्ट हा बिअर महोत्सव सामान्य पर्यटकाच्या आवाक्याबाहेर गेला आहे, असे मत एका लेखात वाचले; ते मला पूर्णपणे पटले नाही. 2025 मध्ये एक लीटर बिअरचा दर 14.50 ते 15.80 युरोंच्या दरम्यान होता, हे खरेच. परंतु थेरेझियनवीझे या ठिकाणी भरणाऱ्या या उत्सवाच्या मुख्य मैदानात प्रवेश विनामूल्य असतो आणि खाण्याचा खर्च बराचसा आपल्याच हाती असतो.

बिअरच्या मोठ्या तंबूंबाहेर जी बाग असते, तिथे पेय तंबूवाल्यांकडून घेतले की खाण्याचे पदार्थ स्वतःचे आणण्याची बव्हेरिया या तिथल्या प्रांताची जुनी मुभा आहे. त्यामुळे शहरातल्या सुपरमार्केटमधून ब्रेत्सेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा खारा पाव, लाल मुळे आणि ओबात्सदा, म्हणजे कांदा व पापरिका घालून कालवलेले मऊ चीज, सोबत नेले, तर शाकाहारी माणसाचेही पोट व्यवस्थित भरते. मात्र 2016 पासून तीन लीटरहून मोठी पिशवी आत नेता येत नाही, तेव्हा डबा बेताचाच हवा. (आपल्याकडचा चार पुडांचा डबा नेण्याचा विचारही नको!) अर्धी भाजलेली कोंबडी तंबूतच खायची असेल, तर सोमवार ते शुक्रवार दुपारी जावे, कारण त्या वेळी अनेक तंबूंत जेवण सवलतीत मिळते आणि आरक्षणाशिवाय जागाही सापडते. मुले बरोबर असल्यास मंगळवार साधावा. मैदानातल्या जत्रेच्या पाळण्यांचे दर तेव्हा कमी असतात. शनिवारी मात्र गर्दीमुळे तिकडे फिरकूच नये.